एकोणसाठ

आमच्या मुलुंडच्या गल्लीच्या तोंडाशी बसणारी भुट्टेवाली दसऱ्याच्या आठ-दहा दिवस आधी शेगडी उचलते. तिच्या जागी फुटपाथवर कोळशाचा एक काळा गोल उरतो. पुढे तिथे कंदीलवाला येतो, पण मधले काही दिवस तो गोल कुणाचाच नसतो. हवा थांबते. गॅलरीतले कपडे तासाभरात कडक वाळतात आणि मान मात्र दिवसभर ओली राहते. लोक याला ऑक्टोबर हीट म्हणतात. माझ्यासाठी हे एकोणसाठचे दिवस आहेत.

यंदा ऑफिसला निघाले तेव्हा तो गोल दिसला आणि मी वळसा घालून गेले. चार वर्षं झाली, तरी जाते.

त्या वर्षी मी एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होते, घाटकोपरच्या एका कॉलेजात. प्रोजेक्टला मका मिळाला होता. वर्गातल्या बाकीच्यांना कॅन्सरच्या पेशी, समुद्रातले बॅक्टेरिया वगैरे मिळाले होते आणि मला भुट्टा, म्हणून बरेच दिवस हसणं झालं. मीही हसले. हसलं की लोक पुढचं विचारत नाहीत.

काम असं होतं. घाटावरच्या एका संशोधन केंद्रात मक्याच्या शंभराच्या आसपास लाइन्स होत्या. लाइन म्हणजे एका झाडाची, पिढ्यानपिढ्या स्वतःशीच जुळवलेली संतती. तुऱ्यावर कागदी पिशवी, कणसाच्या केसांवर कागदी पिशवी, वाऱ्यावरून दुसऱ्या कुणाचा पराग येऊ द्यायचा नाही. असे सात-आठ हंगाम गेले की ती लाइन पूर्णपणे स्वतःसारखी होते. मग दोन वेगळ्या लाइन्सचा संकर करून नवं वाण काढायचं. पण त्या दोन खरंच वेगळ्या हव्यात. शेतात उभं राहून ते नेहमी कळत नाही. एकच लाइन दोन नावांनी वर्षानुवर्षं पेरली जाते, आणि दिसायला बहिणी वाटणाऱ्या दोघींचं आतून काही नातं नसतं. म्हणून डीएनए बघायचा. डीएनएमध्ये काही ठिकाणी दोन-तीन अक्षरं अडखळल्यासारखी पुन्हा पुन्हा येतात. किती वेळा अडखळतात, ते लाइनीगणिक बदलतं. त्या अडखळण्याच्या जागा म्हणजे मार्कर.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला बरं वाटलं. अडखळण्यावरून कुणाला तरी ओळखता येतं, हे मला आवडलं.

कागदी पिशवीही ओळखीची वाटली. माझे आजोबा मालवणहून येऊन गिरणीत लागले, बाबा बँकेत, आणि मला इंग्लिश मिडियममध्ये घातलं तेव्हा घरात पेढे वाटले गेले होते. घरी मराठीच होतं, पण ते जेवायचं, झोपायचं, रागवायचं मराठी. आकडे सगळे इंग्रजीत. बसच्या कपाळावरचा मराठी नंबर मला पटकन वाचता यायचा नाही. बस वळून बाजूची पाटी दिसेपर्यंत मी स्टॉपवर थांबायची आणि मोबाइलमध्ये बघत असल्यासारखं करायची. शाळेत मराठी होतं, मार्कही बरे होते. पण वीसच्या पुढे कुणी भरभर आकडे म्हणायला लागलं की माझ्या डोक्यात सगळे एकमेकांवर आदळायचे. त्रेपन्न, त्रेसष्ट, त्र्याहत्तर. दुकानात मी नोट पुढे करायची आणि परत येईल ते घ्यायची.

केंद्रातून चोवीस पाकिटं आली. खाकी कागदाची, दोऱ्याने बांधलेली, प्रत्येकावर फक्त एक ते चोवीस. प्रत्येक पाकिटातलं बी केंद्राच्या रजिस्टरमध्ये कुठल्या नंबरच्या ओळीतलं, ते विचारून घ्यायचं होतं. माझ्या गाइड मॅडम म्हणाल्या, मेलवर मागव. पण पाकिटं भरणाऱ्या लताताई, ज्या गेली कित्येक वर्षं त्या शेतात पिशव्या बांधतात आणि ज्यांना प्रत्येक ओळ तोंडपाठ आहे, त्यांच्याकडे साधा बटणांचा फोन होता. फोन करा, म्हणाल्या.

मला फोनची भीती वाटते. समोरचा माणूस दिसत नाही आणि आपलं सगळं मात्र त्याला ऐकू जातं. मी कॉलेजच्या जिन्यात वही गुडघ्यावर ठेवून बसले. पलीकडे वारा होता, कुठेतरी मोटर चालू होती. लताताई मला मॅडम म्हणत होत्या, त्याने मी आणखी आखडले. त्या सांगत गेल्या आणि मी लिहीत गेले. पाकीट एक, बारा. पाकीट दोन, अठरा. पाचवं पाकीट, एकतीस. अवघड आला की मी बोटांवर मोजायची, तोवर त्या थांबायच्या. त्यांना वाटत असणार मॅडम सावकाश लिहितात.

सतरावं पाकीट. "एकोणसाठ," त्या म्हणाल्या.

त्यात साठ ऐकू आलं आणि एक-नऊसारखं काहीतरी. मी 69 लिहिलं. पेन उचललं, आणि आकड्याच्या शेजारी पेन्सिलने एक बारीक ठिपका काढला. शंका आली की मी ठिपका काढते. शाळेपासूनची सवय आहे. हात वर करून विचारण्यापेक्षा ठिपका सोपा. ठिपका दुसऱ्या कुणाला दिसत नाही, आणि आपल्याला वाटतं की आपण दखल घेतली.

"लिहिलं का मॅडम?" लताताईंनी विचारलं. मी हो म्हणाले.

ऑगस्टभर आमच्या खिडकीच्या ग्रिलमध्ये चहाचे चोवीस कागदी कप होते. डीएनए कोवळ्या पानांतून चांगला निघतो आणि कॉलेजात रोपांना जागा नव्हती. कबुतरं टपलेली असायची. आई भाजी निवडताना खिडकीशी बसायची आणि दर पाच मिनिटांनी टाळी वाजवायची. हा मका खायला कधी मिळणार, असं तिने एकदा अगदी गंभीरपणे विचारलं. कुटून टाकणार आहे सगळा, म्हटल्यावर तिने दोन दिवस टाळ्या वाजवल्या नाहीत.

पानं खलात कुटताना हिरवा, गवत कापल्यासारखा वास यायचा. मग ती गरम पाण्यात ठेवायची, गाळायची, आणि शेवटी गारेगार अल्कोहोल सोडलं की नळीत पांढरा धागा तरंगायला लागायचा. कापसाचा तंतू पाण्यात पडावा तसा. ते दर वेळी होतं हे माहीत असूनही दर वेळी मी श्वास धरायची. मग मशीनमध्ये घालून त्या मार्करच्या जागांच्या हजारो प्रती करायच्या, त्या जेलमध्ये पळवायच्या आणि दिव्याखाली बघायच्या. काळ्या पाटीवर नारिंगी रेघा उमटतात. लहान तुकडा पुढे पळतो, मोठा मागे राहतो. कुणाची रेघ कुठे थांबली त्यावरून कोण कुणाच्या किती जवळ, ते कळतं.

सप्टेंबरच्या शेवटी पाच आणि सतरा या दोन पाकिटांच्या रेघा एकाच उंचीवर आल्या. पुढच्या मार्करलाही, त्याच्या पुढच्याही. सगळे मार्कर संपले तरी दोघी एका पट्टीवर. मॅडम सहसा खूश होत नाहीत, त्या दिवशी झाल्या. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, हीच तर गंमत आहे, वर्षानुवर्षं एकच लाइन दोन नावांनी पेरतायत. केंद्राला रब्बीच्या पेरणीआधी उत्तर हवं होतं. जमीन थोडी, पाणी थोडं. जी लाइन दुसरीची नक्कल आहे ती यंदा पेरायची नाही असं ठरलं होतं, आणि तिथलं बी जुनं होतं. एक हंगाम पेरलं नाही तर पुढच्या वर्षी ते उगवेलच असं नव्हतं.

मी रिपोर्ट लिहिला. चांगला झाला. माझ्या इंग्रजीचं सगळे कौतुक करतात. 'ओळ 31 आणि ओळ 69 एकच आहेत. 69 वगळायला हरकत नाही.' खाली मॅडमची सही आणि माझं नाव. वहीतला ठिपका मी पाहिला होता, खोटं का सांगू. नळीवरचं लेबल तपासलं, जेलचा फोटो तपासला, सगळं बरोबर होतं. मग वाटलं, ठिपका असाच असेल.

दसऱ्याला आमच्या सोसायटीत जेवणं झाली की खालच्या पॅसेजमध्ये हाऊझी असते. बक्षिसाला स्टीलचे डबे. नंबर पुकारतात दुसऱ्या मजल्यावरचे राणेकाका. त्यांना इंग्रजीत पुकारा म्हणून दर वर्षी सांगतात आणि ते दर वर्षी मराठीतच पुकारतात, वर प्रत्येक आकड्याला काहीतरी जोडतात. मला पाहिलं की न चुकता विचारतात, "काय गो इंग्लिश मिडियम, तुका समाजता मां?" मी मान हलवते.

त्या दुपारी पंखा गरम हवा फिरवत होता आणि तिकिटं हाताला चिकटत होती. मी आईच्या शेजारी होते.

"एकोणसाठ!" राणेकाका म्हणाले. मी 69 कापला.

"साठीक एक वरीस कमी. म्हणजे मी अजून तरणोच आसंय!"

सगळे हसले. राणेकाका सत्तरीच्या पुढचे. मी पेन तिकिटावर टेकवून तशीच बसले होते. आई वाकून म्हणाली, "अगं, हा कसा कापलास? फिफ्टी-नाइन म्हणाले ते. साठाला एक कमी."

मला तिचं पुढचं ऐकू आलं नाही. जिना आठवला, मोटरचा आवाज, लिहिलं का मॅडम. एकोण म्हणजे एक कमी, हे मी शाळेत शिकले होते. परीक्षेत लिहिलंही असेल. राणेकाका पुढचे आकडे पुकारत होते, लोक हसत होते, आणि माझ्या डोळ्यांसमोर एक शेत होतं, जे मी कधी पाहिलं नव्हतं. त्यात एकोणसत्तर नंबरची एक ओळ होती. ती माझ्याकडे कधी आलीच नव्हती. तिचं पान मी कुटलं नव्हतं, तिची रेघ पाहिली नव्हती. आणि ती दुसऱ्या कुणाची नक्कल आहे असं मी लिहून दिलं होतं.

जिन्यातच बसले, या वेळी सोसायटीच्या. हाताला आपट्याच्या पानांचा वास होता. फोन लावायच्या आधी वाक्य तीनदा मनात म्हटलं.

लताताईंना मी कोण ते आधी कळेना. मग म्हणाल्या, "हां, मुंबईच्या मॅडम. सण काय म्हणतोय?"

मी विचारलं, पेरणी झाली का. परवाच झाली, म्हणाल्या. एकोणसत्तर नंबर पेरला का?

"न्हाई. तो काढा म्हनले ना साहेब. तुमच्याच कागदात आलंय म्हनं."

रिपोर्ट इंग्रजीत होता. त्यातलं बाकी काही लताताईंपर्यंत पोचलं नव्हतं, एवढा एक आकडा पोचला होता. केंद्राच्या साहेबांनी शेवटचं वाक्य वाचलं आणि त्यांना मराठीत सांगितलं, बरोबर सांगितलं. चुकीचा आकडा बरोबर भाषांतर होऊन तिथे गेला होता.

"त्याचं बी कुठे आहे?" मी विचारलं.

"माझ्याकडं. काढलेलं बी कोंबड्यांना घालते मी."

मग विचारलं, घातलं का.

"थांबा, बघते."

त्यांनी फोन न कापता कुठेतरी ठेवला. मला तिकडचं सगळं ऐकू येत होतं. पत्र्याचं दार. कोंबड्या. भांडं सरकवल्याचा आवाज, मग काही नाही, मग परत कोंबड्या. खाली आमच्याकडे कुणाची तरी लाइन पूर्ण झाली होती, टाळ्या वाजत होत्या. मी पायरीची कड इतकी घट्ट धरली होती की नंतर हातावर वळ दिसला.

"अर्धी पिशवी हाय," लताताई आल्या. "दोन सकाळ घातलंय. का वो?"

तेव्हा मी सांगितलं. एकोणसाठ मला कळलं नव्हतं, मी एकोणसत्तराचं इंग्रजी लिहिलं. सांगताना दोनदा अडखळले. पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"ती पांढऱ्या दाण्याची हाय," त्या म्हणाल्या. "बुटकी. ती एकतिसासारखी कशी आसंल, मी म्हनलंच हुतं साहेबांना. पन मशीनीत आलंय म्हनल्यावर काय बोलायचं."

बांधाच्या कडेला एका ओळीपुरती जागा होती, पण साहेबांनी सांगितल्याशिवाय त्या पेरणार नव्हत्या. आणि साहेब मॅडमचं ऐकणार, माझं नाही.

मॅडमना सणाच्या दिवशी फोन करण्याइतकी हिंमत माझ्यात आहे हे मला माहीत नव्हतं. त्यांच्याकडे पाहुणे होते. मी सांगितलं. मागे कपबशांचा आवाज येत होता, तो हळूहळू लांब गेला. त्या दुसऱ्या खोलीत गेल्या असाव्यात.

"कन्फर्म का नाही केलंस?"

"आकडा कळला नव्हता."

"मग विचारायचं."

"लाज वाटली."

"मराठी असून?"

"मराठी आहे म्हणूनच, मॅडम."

रिपोर्टवर त्यांची सही आहे, असं त्या म्हणतील याची मी वाट बघत होते, आणि त्या तेच म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, त्यामुळे जास्त लागलं. मग म्हणाल्या, साहेबांशी त्या बोलतील, पण दुरुस्ती माझ्या नावाने जाईल. "आणि मराठीत लिही. लताबाईंना वाचता आली पाहिजे. आकडे अंकी आणि अक्षरी."

सात ओळी लिहायला मला दीड तास लागला. मराठी कीबोर्ड आधी कधी उघडलाच नव्हता. 'माझ्या चुकीमुळे' हे लिहून खोडलं, 'झालेल्या चुकीमुळे' लिहिलं, ते खोडून परत 'माझ्या' केलं. आईला वाचायला दिलं. तिने दोन वेलांट्या सुधारल्या आणि बाकी काही विचारलं नाही. तिला सगळं कळलं असणार.

साहेबांचा होकार यायला दोन दिवस लागले. उरलेलं बी लताताईंनी भिजवून कडेच्या ओळीत लावलं. मक्याला वर यायला आठवडाभर तरी लागतो. तो आठवडा मी कसा काढला, ते आठवलं की अंगावर ऑक्टोबर येतो. कॉलेजात कुणी काही म्हणत नव्हतं, त्यामुळे सगळे तेच बोलतायत असं वाटायचं. ग्रिलमधले रिकामे कप मी फेकले नव्हते. सकाळी उठून मी त्यांच्याकडे बघायची, जणू त्यांच्यातच काही उगवणार होतं. जुनं बी, त्यात अर्धी पिशवी, त्यात उशिरा पेरलेलं. मीच स्वतःला हे सांगायची आणि मीच घाबरायची. कॅलेंडरसमोर उभी राहून मराठी आकडे मोठ्याने म्हणायची. एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास. आई स्वयंपाक करता करता मधूनच एखादा विचारायची, मान वर न करता.

आठव्या दिवशी फोन लताताईंनी केला.

"आलं वर. मोजलं मी. एकोणचाळीस."

"चाळिसाला एक कमी," मी लगेच म्हणाले. बोटं हललीच नाहीत.

"कमी कशाला म्हनतीस पोरी?" त्या म्हणाल्या. मॅडमवरून पोरीवर कधी आल्या ते मला कळलं नाही. "एकोणचाळीस हायेत. पुढचं बी धरायला लई झाली."

त्या रोपांची पानं डिसेंबरात बर्फाच्या डब्यातून लॅबमध्ये आली. मॅडम म्हणाल्या, लेबल तू लाव. पाटीवर सगळ्यांच्या रेघा आल्या आणि तिची एकटीची, तीन ठिकाणी, जिथे दुसऱ्या कुणाचीच नव्हती. मी बराच वेळ दिवा बंद केला नाही. माझ्या प्रबंधात ती चोवीस लाइन्सच्या खाली, पंचविसावी म्हणून आहे. चूक कशी झाली तेही एका परिच्छेदात आहे. तो मॅडमनी काढायला सांगितला नाही आणि मीही काढला नाही.

आता मी अंधेरीला बियाणं तपासणाऱ्या एका लॅबमध्ये आहे. दिवसभर एसी असतो, ऑक्टोबर काचेबाहेर राहतो. माझ्याशी कुणी फार बोलत नाही, मीही बोलत नाही, ते दोघांनाही चालतं. पण पेरणीनंतर रोपं वर आली की लताताईंचा फोन येतो. आता त्यांच्याकडे फोटोवाला फोन आहे, तरी त्या आकडा तोंडीच सांगतात. ती ओळ अजून बांधाच्या कडेला असते, साहेब बदलले तरी जागा बदललेली नाही. मीही अजून वहीत लिहून घेते.

परवा फोन आला तेव्हा मी पॅन्ट्रीत होते, चहाच्या मशीनपाशी तिघं-चौघं उभे. एरवी मी बाहेर गेले असते.

"औंदा बेस आलीय," लताताई म्हणाल्या. "एकोणनव्वद."

मला कळलं होतं. नव्वदाला एक कमी, आठावर नऊ, लिहूनही झालं होतं. सगळे ऐकत होते.

तरी मी विचारलं, "एकोणनव्वद म्हणजे?"